गुऱ्हाळाच्या चरकाला बसवलेली खटका-झडप: पेटंट होईल का, की उशीर झाला?

उद्यमनगर_शेड

नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येतो.

यंत्र म्हणजे गुऱ्हाळावरचा आडवा तीन रोलरचा चरक. नेहमीच्या चरकात वरचा रोलर बोल्टने आवळून टाकलेला असतो. मोळी जाड गेली, किंवा उसाबरोबर दगड नाहीतर कोयत्याचा तुकडा आत गेला, की सगळा जोर गिअरवर येतो. दात उडतात, नाहीतर शाफ्टची चावी कातरते. ऐन हंगामात दोन दिवस चुलवाण थंड.

त्यावर दोन टप्प्यांत काम झालंय.

पहिला टप्पा: वरच्या रोलरचे बेअरिंग ब्लॉक हेडस्टॉकच्या (रोलर धरणाऱ्या बाजूच्या चौकटीच्या) खाचेत वरखाली सरकते ठेवले. प्रत्येक बाजूला ८०×४१×५ मिमी मापाच्या १० डिस्क स्प्रिंगा (बशीसारख्या खोलगट पोलादी चकत्या) एकाआड एक उलट्या रचून वरून दाब दिला. हे यंत्र १० महिन्यांपूर्वी कागल तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर चाचणीला बसवलंय. बिल केलेलं नाही, लिहून काहीच घेतलेलं नाही.

दुसरा टप्पा अजून शेडमध्येच आहे. रोलर उचलला की बेलक्रँक (कोनात वळलेली तरफ) आणि ओढदांडीवाटे ऊस घालायच्या तोंडावरची झडप पडते. पहिली ६ मिमी उचल दांडीच्या लांबट खाचेत मोकळी जाते. त्यापुढे झडप पडून खटक्यात अडकते, आणि उचल ३ मिमीच्या खाली आल्यावरच सुटते. खटका नव्हता तेव्हा झडप प्रत्येक पेराला फडफडायची.

प्रश्न: हे पेटंटला चालेल का? चाचणीचं यंत्र बाहेर गेल्यामुळे हक्क गेला का? खर्च किती? आणि खटक्याची कल्पना लेथवरच्या कामगाराची आहे, तर अर्जात नाव कुणाचं? शेडमधल्या यंत्राचा ४० सेकंदांचा व्हिडिओ एका व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलाय. त्यात झडप पडताना दिसते, पण जोडणीवर पत्र्याचं झाकण आहे.

---

दावा_क्रमांक_एक

आधी तारखेचं बघू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

दोन टप्पे एकत्र बोलू नका, ते दोन वेगळे शोध समजा. पहिला टप्पा १० महिने लोकांच्या डोळ्यांसमोर चालतोय. गुऱ्हाळावर कोणीही येतं, बघतं, हात लावतं. कायद्यात याला थोडी सवलत आहे. पेटंट कायदा १९७०, कलम ३२ प्रमाणे अर्जाच्या आधीच्या एक वर्षात फक्त वाजवी चाचणीसाठी यंत्र लोकांसमोर चालवलं, आणि शोधाच्या स्वरूपामुळे ती चाचणी लोकांसमोर करणं गरजेचंच होतं, तर तेवढ्यानं नावीन्य जात नाही. चरकाची चाचणी उसाच्या हंगामात गुऱ्हाळावरच होणार, हे पटवता येतं. पण चाचणी होती हे दाखवायला कागद लागतो. गुऱ्हाळमालकाकडून आजच्या तारखेचं पत्र घ्या: यंत्र कधी बसवलं, पैसे दिले नाहीत, कोणकोणत्या तारखांना काय मोजलं, काय बदललं. जुनी तारीख टाकायच्या फंदात पडू नका. ते उघडं पडलं की खरा पुरावासुद्धा कोणी मानत नाही. आणि १२ महिने भरायला दोनच उरलेत.

खरं सांगायचं तर पहिल्या टप्प्यासाठी फार जीव टाकण्यासारखं नाही. साखर कारखान्याच्या मिलमध्ये वरचा रोलर हायड्रॉलिक दाबाखाली तरंगता ठेवायची पद्धत जुनी आहे. डिस्क स्प्रिंग तर बेलव्हिलने फ्रान्समध्ये १८६७ सालीच पेटंट केली होती. हायड्रॉलिकच्या जागी स्प्रिंग टाकली, एवढ्यावर पेटंट कार्यालयाचा परीक्षक म्हणेल की हे कुठल्याही जाणत्या फिटरला सुचलं असतं.

माल आहे तो दुसऱ्या टप्प्यात, आणि त्यातही झडपेत नाही, खटक्यात. व्हिडिओत फक्त झडप पडताना दिसत असेल तर बघणाऱ्याला खटका कसा बनवायचा हे कळत नाही, म्हणून जोडणी अजून शिल्लक आहे. "रोलर उचलला की झडप पडते" ही ढोबळ कल्पना मात्र बाहेर गेली असं धरून चाला. तो व्हिडिओ जपून ठेवा, नेमकं काय दिसलं याचा तोच पुरावा. झाकण काढलेला दुसरा व्हिडिओ अर्ज होईपर्यंत कोणालाही नको, अगदी डीलरलाही.

छापील ओळ किती महागात पडते याचा दाखला इंजिनाच्याच इतिहासात आहे. ओटोचं चार-स्ट्रोक इंजिन चालत होतं, विकलं जात होतं. पण १८६२ मध्ये बो द रोशा या फ्रेंच माणसाने चार स्ट्रोकचं तत्त्व एका पुस्तिकेत मांडून ठेवलं होतं. त्याने इंजिन बांधलंच नव्हतं. तरी त्या पुस्तिकेच्या जोरावर १८८६ मध्ये जर्मनीत ओटोचा दावा रद्द झाला.

म्हणून या आठवड्यात प्रोव्हिजनल स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं सुरुवातीचं वर्णन, दाखल करा. तारीख पक्की होते, आणि पूर्ण स्पेसिफिकेशनला १२ महिने मिळतात. ते १२ महिने चुकले तर अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात. प्रोव्हिजनल म्हणजे दोन ओळींचं टिपण नव्हे. त्यात जे लिहिलेलं नाही त्याला ती तारीख मिळत नाही. खाच, खटका, खटका सुटायची जागा, आणि तेच काम करणारे दुसरे मार्गही (कॅम, चेन, वायर दोरी, वजनाचा लंगर) आकृतीसकट घाला. अर्ज इंग्रजी किंवा हिंदीतच लागतो, मराठी चालत नाही. आकृत्या ए-४ कागदावर, वर आणि डावीकडे ४ सेमी, खाली आणि उजवीकडे ३ सेमी समास. आकृतीवर वर्णन लिहायचं नाही, फक्त आकडे, आणि तेच आकडे मजकुरात. आकृतीवर मापं टाकायची नाहीत.

आता क्लेम, म्हणजे हक्क नेमका कशावर मागताय ते सांगणारं वाक्य. लोक इथंच स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात. "६ मिमी खाच, १० डिस्क स्प्रिंगा" असं लिहिलंत तर शेजारचा ७ मिमी खाच आणि कॉइल स्प्रिंग टाकून मोकळा. उलट "भार आला की रोलर उचलणारा चरक" असं लिहिलंत तर कारखान्याची मिल आडवी येते. मधला मार्ग साधारण असा:

"ऊस गाळण्याचा चरक, ज्यात वरचा रोलर लवचीक दाबाविरुद्ध उचलता येतो, ऊस घालण्याच्या तोंडावर झडप आहे, आणि रोलरची उचल झडपेपर्यंत नेणारी यांत्रिक जोडणी आहे, ही जोडणी अशी की ठरावीक पहिल्या उचलीपर्यंत झडप हलत नाही, त्यापुढे ती बंद होते, आणि त्या पहिल्या उचलीपेक्षा कमी अशा दुसऱ्या उचलीपर्यंत रोलर खाली आल्याशिवाय उघडत नाही."

आकडे नाहीत, स्प्रिंगचा प्रकार नाही. ६ आणि ३, डिस्क स्प्रिंग, बेलक्रँक हे सगळं त्याखालच्या अवलंबी क्लेममध्ये (पहिल्या क्लेमवर टेकून जास्तीचा तपशील जोडणाऱ्या). पण वर्णनात खरे आकडे द्यावेच लागतात. तुम्हाला माहीत असलेली सर्वांत चांगली रीत सांगणं कलम १० प्रमाणे बंधनकारक आहे, आणि ती लपवली तर पुढे त्याच मुद्द्यावर पेटंट रद्द होऊ शकतं. पेटंट हवं असेल तर ती रीत गुपित ठेवता येत नाही.

---

जुना_मिस्त्री

काय राव, कशाला या भानगडीत. उद्यमनगरात नवीन पार्ट दिसला की आठ दिवसांत त्याचा पॅटर्न (साचा पाडायचा नमुना) शिरोलीच्या फाउंड्रीत पोचतोय. पेटंट मिळायला वर्षं, कोर्टात आणखी वर्षं. तेवढ्यात ५० यंत्रं विका आणि पुढचं मॉडेल काढा.

शिवाय वर्कशॉपमधल्या सुधारणेला कोर्ट विचारत नाही. बिश्वनाथ प्रसाद विरुद्ध हिंदुस्तान मेटल हा सुप्रीम कोर्टाचा १९७८ चा निकाल वाचा. भांडी लेथवर पॉलिश करताना उडायची, म्हणून ती धरून ठेवायची युक्ती होती. काम चोख करायची. तरी कोर्ट म्हणालं, ही जाणत्या कारागिराची नेहमीची सुधारणा, शोध नव्हे. पेटंट गेलं.

---

दावा_क्रमांक_एक

मिस्त्री, निकाल बरोबर सांगितलात आणि तो या प्रश्नाला लागूही पडतो, म्हणून जरा उलगडतो. तिथं लेथचा टेलस्टॉक (जॉबचं दुसरं टोक धरणारा भाग) आधीपासून माहीत होता, आणि भांडं दोन्हीकडून धरल्यावर पक्कं बसतं यात अनपेक्षित काही नव्हतं. इथं परीक्षक दोन जुने कागद जोडेल: एक तरंगत्या रोलरचा, दुसरा मिलवरचा भार बघून उसाचा पुरवठा कमी करण्याचा. कारखान्यात केन कॅरिअरची (ऊस वाहून नेणाऱ्या पट्ट्याची) गती तशी सांभाळतात. हे दोन जोडले की "उचललं की ऊस थांबव" इथपर्यंत कोणीही पोचतो. पण तिथं पोचल्यावर झडप फडफडते. ही अडचण जोडल्यानंतरच जन्माला येते, आणि तिचं उत्तर त्या दोन्ही कागदांत नाही. उत्तराचा कणा हाच.

कलम ३(एफ) चाही आक्षेप येईल: माहीत असलेल्या वस्तूंची नुसती मांडणी, प्रत्येक आपापलं काम स्वतंत्रपणे करतेय. त्याला उत्तर म्हणजे रोलर, खाच आणि खटका एकमेकांवर अवलंबून आहेत. एक काढला की बाकीच्यांचं काम बिघडतं.

हे तोंडी सांगून भागत नाही, आकडे लागतात. या हंगामात एकाच शेतातला को ८६०३२ जातीचा ऊस घ्या, ५००-५०० किलोचे ढीग करा. पाच ढीग खटक्यासह, पाच खटका काढून, आलटून पालटून चालवा. सकाळी सगळे खटक्याचे आणि दुपारी सगळे बिनखटक्याचे असं नको, ऊस वाळतो आणि आकडे वाकडे येतात. दर ढिगाला झडप किती वेळा पडली, रस किती किलो, मोटरचा सर्वाधिक अँपिअर किती (क्लॅम्प मीटरवर), ढीग संपायला किती मिनिटं, एवढं नोंदवा. हा तक्ता पूर्ण स्पेसिफिकेशनमध्ये घाला. आक्षेप आल्यावर केलेल्या चाचणीपेक्षा आधीपासून कागदात असलेल्या तक्त्याचं वजन जास्त.

---

जुना_मिस्त्री

हे मान्य. पण नक्कल कशी होते हेही ऐकून ठेवा. तयार कास्टिंगलाच पॅटर्न म्हणून साच्यात मारलं तर बिडाचा तुकडा थंड होताना मीटरला साधारण १० मिमी आकसतो, म्हणजे नकली माल टक्काभर लहान येतो. बेअरिंगच्या बोअरला मशीनिंगला मालच उरत नाही. हुशार नक्कलवाला मग नवा लाकडी पॅटर्न करतो. पण लिंक आणि खटका कास्टिंग नसून प्लेट कापून केलेले असतील तर ते फूटपट्टीवर उतरतात. म्हणून जॉब बाहेर देताना असेंब्लीचं ड्रॉइंग कुणालाच नको. एका शेडला दांडी, दुसऱ्याला खटका, ड्रॉइंगवर नुसता पार्ट नंबर, "चरक" हा शब्दही नको. जुळवणी घरात. पॅटर्नवर तुमचं चिन्ह कोरून घ्या आणि फाउंड्रीच्या चलनावर "पॅटर्न ग्राहकाच्या मालकीचा" हे लिहून घ्या.

---

फॉर्म_भरणारा

खर्च सांगतो. हे ऑनलाइन अर्जाचे सरकारी दर आहेत. अर्जदार व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग किंवा शिक्षणसंस्था असेल तर हे लागू. मोठ्या कंपनीला यापेक्षा बरेच जास्त. कागदावर दाखल केलात तर १० टक्के वाढीव.

अर्ज १,६०० रुपये. यात ३० पानं आणि १० क्लेम येतात. पुढच्या प्रत्येक पानाला १६०, प्रत्येक क्लेमला ३२०. परीक्षणाची विनंती, फॉर्म १८, ४,००० रुपये. ही विसरू नका, अर्ज केला म्हणजे परीक्षण आपोआप होत नाही. १५ मार्च २०२४ नंतरच्या अर्जांना ही मुदत अग्रक्रम तारखेपासून (पहिला अर्ज दाखल झाल्याच्या तारखेपासून) ३१ महिने आहे. जुन्या लेखांत ४८ महिने दिसेल, तिकडं लक्ष देऊ नका. मुदत हुकली की अर्ज मागे घेतल्यासारखा धरतात.

प्रसिद्धी १८ महिन्यांनी होते. लवकर हवी तर फॉर्म ९, २,५०० रुपये. परीक्षकाचा पहिला अहवाल आला की उत्तराला ६ महिने, विनंती केल्यास आणखी ३.

पेटंट मिळालं तर मुदत २० वर्षं, दाखल केल्याच्या तारखेपासून. वार्षिक फी तिसऱ्या वर्षापासून: ३ ते ६ वर्षं ८०० प्रत्येकी, ७ ते १० ला २,४००, ११ ते १५ ला ४,८००, १६ ते २० ला ८,०००. सगळी मिळून ७६,८००. पेटंट चौथ्या-पाचव्या वर्षी मिळालं तर मागची साचलेली फी एकदम भरावी लागते, त्याची तयारी ठेवा. पंधराव्या वर्षी यंत्र कोणी विकत घेत नसेल तर फी भरू नका, पेटंट सोडून द्या. त्यात काही कमीपणा नाही.

एजंटची फी वेगळी, ती ठरवाल तशी. प्रोव्हिजनल स्वतः भरता येतं, पण क्लेम मात्र जाणत्याकडून लिहून घ्या. महाराष्ट्राचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात, पण सगळं ऑनलाइन होतं, अँटॉप हिलला खेपा घालायची गरज नाही.

नावाचं: फॉर्म १ मध्ये शोधक म्हणून खरा शोधकच लागतो. खटका कामगाराने सुचवला असेल तर तो शोधक आहे, आणि त्याचं नाव गाळणं म्हणजे पुढे विरोधकाच्या हाती कोलीत. ड्रॉइंग काढणारा किंवा सांगितल्याप्रमाणे पार्ट फिरवणारा शोधक होत नाही. मालकी वेगळी गोष्ट. पगारावरचा माणूस आहे म्हणून हक्क आपोआप मालकाचा होतो असं पेटंट कायद्यात कुठंच लिहिलेलं नाही. त्याच्याकडून लेखी हस्तांतरण घ्या, स्टॅम्प पेपरवर, मोबदला लिहून, अर्जाच्या आधी.

---

उद्यमनगर_शेड

सगळ्यांचे आभार. तीन शंका उरल्या. शोधताना ब्राझीलचं एक पेटंट सापडलं, त्यात रोलर उचलला की पट्टा थांबतो, पण विजेच्या स्विचने. ते भारतात आडवं येईल का? "प्रोव्हिजनल पेटंट" मिळालं की यंत्रावर तसं छापता येईल का? आणि मधल्या काळात कोणी नक्कल केली तर नोटीस पाठवायची का?

---

दावा_क्रमांक_एक

पेटंट देशापुरतं असतं. ब्राझीलचं पेटंट भारतात घेतलेलंच नसेल तर त्याचा मालक तुम्हाला इथं यंत्र बनवण्यापासून अडवू शकत नाही. पण नावीन्य जगभराच्या कागदांवर तपासतात, म्हणून तुमच्या अर्जाविरुद्ध ते वापरलं जाईलच. दोन वेगळे प्रश्न आहेत, लोक हमखास गल्लत करतात. त्याचं भारतीय भावंड, म्हणजे त्याच शोधाचा भारतातला अर्ज, आहे का हे पेटंट कार्यालयाच्या इनपास या मोफत शोधप्रणालीत बघा. असेल तर वार्षिक फी भरलीय का तेही तिथं दिसतं. नुसत्या शब्दांवर शोधू नका, वर्गीकरणावर शोधा: चरकासाठी सी १३ बी १०. आणि ते पेटंट स्वतःहून तुमच्या वर्णनात मांडा: तिथं स्विच आहे, विजेवर अवलंबून आहे, आणि बंद व्हायचा व उघडायचा बिंदू एकच आहे, असं असेल तर तेही. हे शेवटचं नीट वाचून खात्री करा. त्यात दोन वेगळे बिंदू आधीच सांगितलेले असतील, तर वर लिहिलेला क्लेम "यांत्रिक जोडणी" या दोन शब्दांवर लटकेल आणि तेवढ्यानं निभावणार नाही. मग खटक्याची प्रत्यक्ष रचनाच पहिल्या क्लेममध्ये आणावी लागेल.

प्रोव्हिजनल पेटंट नावाची वस्तू नसते, असतो तो अर्ज. "पेटंटसाठी अर्ज केला आहे" असं छापता येतं. पेटंट मिळालं नसताना "पेटंटेड" छापलंत तर कलम १२० लागतं, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो दंड १० लाखांपर्यंत जातो. स्टिकर छापणाऱ्याला हा फरक नीट समजावून सांगा.

नोटिशीची घाई नको. दावा पेटंट मिळाल्यावरच लावता येतो. मिळाल्यावर मात्र नुकसानभरपाई प्रसिद्धीच्या तारखेपासून मागता येते, म्हणून नक्कल जास्त होतेय असं दिसलं तर तो २,५०० चा फॉर्म ९ वसूल होतो. नक्कल करणाऱ्याचं बिल, फोटो, यंत्राचा क्रमांक गोळा करत राहा. हातात पेटंट नसताना धमकीवजा पत्र पाठवलंत तर तोच कलम १०६ खाली तुमच्यावर दावा लावू शकतो. पुढे खटला जिल्हा न्यायालयातच सुरू होईल, पण समोरच्याने पेटंट रद्द करण्याची मागणी केली, आणि ती तो करतोच, की प्रकरण उच्च न्यायालयात जातं.

---

पन्हाळा_फिटर

पेटंटचं सगळं आलंय, यंत्राचं थोडं बोलतो.

८०×४१×५ च्या एका डिस्कला पाऊणपट दाबेपर्यंतची चाल सुमारे १.२७ मिमी. अशा १० म्हणजे पावणेतेरा. प्रीलोडला (सुरुवातीच्या दाबाला) ३ मिमी गेले तर उचलीला पावणेदहाच्या आसपास उरतात. दगड १२ मिमीचा आला तर डिस्क जवळजवळ सपाट होऊन पुन्हा बोल्ट आवळल्यासारखीच गत, आणि दात परत उडणार. एकतर १४ डिस्क घ्या, नाहीतर शेवटचा उपाय म्हणून कातरपिन (जादा भार आला की आधी तुटणारी पिन) ठेवाच.

झडप ऊस घालणाऱ्याच्या हातावर पडता कामा नये. ऊस घालायच्या पन्हळीची लांबी हात पोचणार नाही इतकी ठेवा, आणि झडपेची खालची कड रबराची करा.

सगळ्यात आधी अडकणार तो खटका. उसाचा रस वाळला की डिंकासारखा धरतो, त्यात चिपाडाचा भुसा बसतो. बिडाच्या बुशात साधी पिन रात्रीच्या सुट्टीत चिकटून बसेल, आणि सकाळी पहिल्याच मोळीला झडप एकतर पडणार नाही नाहीतर उघडणार नाही. पिन एसएस ३०४ ची, बुश नायलॉनचं, पोकळी अर्धा ते पाऊण मिमी ढिली, आणि खटक्याचं तोंड खाली, म्हणजे भुसा साचण्याऐवजी गळून पडेल. वर पाण्याची तोटी मारता येईल असं झाकण. तोंड वर ठेवलेला आणि खाली ठेवलेला, दोन्ही प्रकारांची आकृती प्रोव्हिजनलमध्येच जाऊ द्या. चाचणीत तोंड फिरवावं लागलं आणि ते कागदात नसलं, तर त्या बदलाला तारीख नवी पडेल.